अडीच फुटांची लाईन

कोरमंगल्यास रेल्वेस्थानक नाही, आणि पूर्वी कधी होते असेही नाही. ज्या काळात आगगाडी कोणत्या गावावरून न्यावयाची यावर दक्षिणेतील कित्येक कसब्यांचे नशीब ठरत होते, त्या काळात कोरमंगला हे बंगळुराबाहेरचे, एका तळ्याच्या आश्रयाने राहणारे खेडे होते. पुढे तळे आटले, त्याच्या पोटात १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत उभी राहिली, भोवती आखीव ब्लॉक पडले, आणि आज येथे भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या तरुण मंडळींना आपण एका तळ्याच्या काठी निजतो याची कल्पनाही नसते. या सर्व स्थित्यंतरांत आगगाडी मात्र कोरमंगल्याच्या वाटेस गेली नाही. जवळात जवळचे रूळ म्हणजे पूर्वेस काही मैलांवर, कारमेलारामवरून होसूर-सेलमकडे जाणारे. अशा जागी बसून परित्यक्त रेल्वेस्थानकाचा इतिहास लिहावयास घेणे कोणास चमत्कारिक वाटेल; परंतु माझ्या घराजवळच एका उड्डाणपुलाचे काम २०१७ पासून चालू आहे, आणि उपयोगात येण्यापूर्वीच भग्नावशेषाची कळा आलेले त्याचे खांब रोज पाहताना, ज्या वास्तू निदान काही काळ उपयोगी पडून मग टाकून दिल्या गेल्या त्यांच्याविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

शिवाय धागा अगदीच तुटलेला नाही. कोरमंगल्याच्या कडेने जो होसूर रस्ता जातो, आणि ज्यावरून अहोरात्र मालमोटारी, बसगाड्या व कचेरीला निघालेले लोक मुंगीच्या पावलाने सरकत असतात, तो सुमारे चाळीस किलोमीटरांवर होसुरास पोहोचतो. त्या होसुरास १९१३ साली एक रेल्वेस्थानक झाले होते. मोरप्पूरपासून धर्मपुरीपर्यंत १९०६ मध्ये पडलेली एक लहान लाईन त्या वर्षी होसुरापर्यंत वाढविण्यात आली. मुलूख वारंवार अवर्षणाने गांजणारा. तेथे धान्य वेळेवर पोहोचावे हा त्या लाईनीचा मूळ हेतू. अठ्ठावीस वर्षे ती चालली, आणि १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असता, बंद करून उखडण्यात आली. गाडी बंद होणे आपण समजू शकतो, स्थानकाला कुलूप लागणे समजू शकतो. पण वाटच गुंडाळून नेली, असे भाग्य क्वचित एखाद्या गावाच्या वाट्यास येते. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात होसुरास निराळी लाईन आली. परंतु मोरप्पूर-धर्मपुरी हा तुकडा तसाच तुटलेला राहिला, आणि त्याच्या नव्या मार्गाची कोनशिला बसावयास २०१९ साल उजाडावे लागले.

ही लाईन इतक्या सहजासहजी उचलली गेली याचे कारण ती मुळात हलकी होती. तिच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट. माझी छत्री मुठीपासून टोकापर्यंत भरते तीन फूट. म्हणजे ती आडवी धरली असता दोन्ही रुळांवर टेकून अर्धा फूट उरावी. या प्रकरणात जे काही सांगावयाचे आहे ते या अडीच फुटांविषयी आहे. कारण बंगळुराभोवतालची जी स्थानके आज ओस पडली आहेत, ती कोणाच्या दुष्टाव्याने किंवा हलगर्जीपणाने ओस पडली नसून, ज्या मापाने ती जन्मास आली त्याच मापाने ती मेली, असे माझे मत झाले आहे.

आपल्या देशात रुळांची मापे तीन कशी झाली याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडात चार फूट साडेआठ इंचांचे माप रूढ झालेले होते, आणि लंडनच्या संचालकांना तेच येथे आणावयाचे होते; लॉर्ड डलहौसी यांचे मन सहा फुटांवर बसले होते; अखेर साडेपाच फुटांवर तडजोड झाली, आणि तीच आपली ब्रॉडगेज. पुढे खर्च डोईजड होऊ लागला, तेव्हा लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७० साली, एक स्वस्त माप शोधण्यात आले. त्याच वेळी वजने व मापे मेट्रिक पद्धतीची करावीत असा सरकारचा विचार चालू होता, म्हणून रुळांचे अंतर एक मीटर ठरले. वजनमापांचा विचार मागे पडला आणि मापाचे नाव तेवढे रुळांवर शिल्लक उरले. बाजारात शेर, पायली, गज आणि रुळांवर मात्र फ्रेंचांचा मीटर, असा हा संसार पुढे ऐंशीनव्वद वर्षे सुखाने नांदला.

तिसरे माप अडीच फुटांचे, आणि त्याचा डंका वाजला तो आपल्या बार्शीत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू केली. तिचे डबे हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्याने इंग्लंडात लीड्स शहराजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून जाणत्या मंडळींसमोर चालवून दाखविले होते. त्याचा सिद्धांत साधा होता. रुळावर जो भार पडतो तो चाकांच्या एकेका जोडीमागे पडतो. तेव्हा इंजिन असो, वाघीण असो की उतारूंचा डबा असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे तीस पौंडी हलके रूळ पुरतात, पूल हलके होतात, भराव कमी लागतो, वळणे आखूड घेता येतात, आणि ज्या मुलखात मोठी गाडी कधीच परवडली नसती तेथे छोटी परवडते. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत एकवीस मैलांवर सुरू झालेली ही लाईन पंढरपूर, लातूर करीत १९२७ साली मिरजेस पोहोचली. वाऱ्या करून ज्यांचे पाय झिजले त्या घराण्यांतून ‘बार्शी लाईट’ हे शब्द अद्यापि एखाद्या वृद्ध नातलगाच्या नावासारखे उच्चारले जातात.

म्हैसूर संस्थानात या तिन्ही मापांची गाठ पडली. ब्रॉडगेज आली ती मद्रासकडून. १ ऑगस्ट १८६४ रोजी जोलारपेटहून पहिली गाडी बंगळूर छावणीत दाखल झाली. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात, रेल्वेचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही एकदमच लोकांच्या प्रत्ययास आली: मद्रासच्या बंदरात उतरलेले धान्य बंगळुरापर्यंत रुळांवरून येत होते, परंतु त्यापुढे आतील तालुक्यांत ते न्यावयाचे तर बैलगाडीने, आणि बैल स्वतःच चाऱ्यावाचून मरत होते. १८८१ साली मुलूख पुन्हा महाराजांच्या हवाली झाला तेव्हा नव्या दरबाराने हा धडा गिरविला. म्हैसुरापर्यंतची मीटरगेज १८८२ साली पुरी झाली. आणि धारवाडास मुख्य कचेरी असलेल्या सदर्न मराठा रेल्वेने संस्थानचे रूळ चालवावयास घेऊन हरिहर, हुबळी, बेळगावमार्गे बंगळुराची पुण्याशी सांधेजोड केली. आज या शहरात ज्यांच्या चारपाच पिढ्या गेल्या अशी जी मराठी घराणी आहेत, त्यांपैकी पुष्कळांचे मूळपुरुष याच मीटरगेजवरून, ट्रंका आणि पितळी डबे सांभाळीत आले असतील. त्यांच्याही आधीची मंडळी शहाजीराजांच्या जहागिरीबरोबर आली. त्यांस आगगाडीची गरज पडली नाही.

राहिला उत्तर-पूर्वेकडील टापू: देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, शिडलघट्टा, चिंतामणी, कोलार. यातील बराच मुलूख १६३८ नंतर शहाजीराजांच्या अंमलाखालचा. येथील मामल्यांचे हिशेब एके काळी मोडी लिपीत लिहिले जात. जमीन तांबडी, विहिरी खोल, आणि नद्या नकाशावर अधिक व प्रत्यक्षात कमी. या मुलखाच्या एका कडेला सोन्याच्या खाणी निघाल्या, तेव्हा बाउरिंगपेटपासून मारिकुप्पमपर्यंत दहा मैलांची ब्रॉडगेज १८९४ साली चटकन पडली. लुइन बाउरिंग हे म्हैसूरचे इंग्रज कमिशनर. त्यांच्या नावाच्या पेठेचे लोकांनी पुढे ‘बंगारपेट’ केले, आणि कन्नडात बंगार म्हणजे सोने, त्यामुळे साहेबाचे नाव कोठे संपले आणि खाणीचे कोठे सुरू झाले हे कोणास कळलेही नाही. सोन्याला ब्रॉडगेज मिळाली. नाचणी, शेंगदाणा आणि रेशीम यांच्या वाट्यास अडीच फूट आले. १९१३ साली बंगारपेट ते कोलार, आणि मागाहून चिंतामणी, शिडलघट्टामार्गे चिक्कबळ्ळापुरापर्यंत कोलार डिस्ट्रिक्ट रेल्वेची लाईन वाढली. तर बंगळुराच्या बाजूने, यलहंक्याहून देवनहळ्ळीवरून चिक्कबळ्ळापुरास जाणारी लाईन ‘बंगळूर-चिक्कबळ्ळापूर लाईट रेल्वे’ या खाजगी कंपनीने १९१५ साली घातली.

त्या वेळी संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८३ साली इंजिनियर झालेले, नाशिक-खानदेशात नोकरी केलेले, खडकवासल्यास १९०३ साली आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसविणारे हे गृहस्थ महाराष्ट्रास परके नव्हेत. १९०९ साली ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर झाले आणि रेल्वेखात्याचे चिटणीसपदही त्यांच्याकडेच आले. १९१२ साली, तंजावरी मराठी घराण्यातील टी. आनंदराव यांच्या मागून, ते दिवाण झाले. आनंदरावांचे नाव बंगळुरातील एका गजबजलेल्या चौकास आहे, आणि तेथून जाणाऱ्या शंभरांतील एकासही ते मराठी बोलणारे होते हे ठाऊक नसेल. विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी हे चिक्कबळ्ळापुरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचे आरंभीचे शिक्षण चिक्कबळ्ळापुरातच झाले, आणि पुढे बंगळुरास शिकावयास गेलेल्या त्या मुलाच्या वाटेवर तेव्हा ना रूळ होते ना इंजिन. तो मुलगा दिवाण असताना त्याच वाटेवरून गाडी धावली. हा योगायोग म्हणावयाचा. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर योगायोगावर काहीच सोपविले नाही, त्याच्या चरित्रात तो शोभून दिसतो.

आता या लाईनीचे मर्मस्थान पहा. तिच्या एका टोकाला, यलहंक्यास, मीटरगेज. दुसऱ्या टोकाला, बंगारपेटास, ब्रॉडगेज. आणि मध्ये ही अडीच फुटांची. शिडलघट्ट्याच्या व्यापाऱ्याने पोती भरून मालधक्क्यावर आणली, वजनकाट्यावर चढविली, बिल्टी घेतली, म्हणजे त्याचे काम झाले असे नव्हे. माल मद्रासकडे जावयाचा असेल तर बंगारपेटास छोट्या वाघिणीतून एकेक पोते हमालाच्या पाठीवर उतरावयाचे आणि मोठ्या वाघिणीत चढावयाचे. हुबळीकडे जावयाचा असेल तर हाच विधी मीटरगेजच्या धक्क्यावर. प्रत्येक उतरणीस मुकादम, प्रत्येक चढणीस हमाली, आकड्याने फाटलेल्या पोत्यातून सांडणारे शेंगदाणे, पावसात भिजणारे गठ्ठे, आणि एखादी नड आली की ‘पुढची वाघीण उद्या’ हे उत्तर. वीसपंचवीस मैल गाडीने वाचविलेला वेळ धक्क्यावर एका रात्रीत खर्ची पडे. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे चालून गेले, कारण बैलगाडी त्याहूनही सावकाश जात असे. परंतु ज्या दिवशी पेट्रोलवर चालणारी लॉरी शेतकऱ्याच्या खळ्यापासून थेट बंगळुराच्या पेठेत, मध्ये एकदाही माल न हलविता, जाऊ लागली, त्या दिवशी या लाईनीच्या आयुष्याची दोरी तुटली. रेशमाच्या कोशाचे तर काय सांगावे! आतील पतंग बाहेर पडला की धागा तुटतो, आणि त्याला बाहेर पडावयास फार दिवस लागत नाहीत. वजनाला हलका, आकाराला अवाढव्य आणि मुदतीला इतका नाजूक माल धक्क्यावर ताटकळत ठेवणे कोणत्या व्यापाऱ्यास परवडेल?

या लाईनीवरील दोड्डजाला स्थानकाची जुनी इमारत मी पाहिली ती तिचे छप्पर नाहीसे झालेले असताना. बल्लारी रस्त्याने उत्तरेस गेले की आधी चिक्कजाला लागते आणि मग दोड्डजाला. चिक्क म्हणजे धाकटे, दोड्ड म्हणजे थोरले, म्हणजे आपल्या खुर्द आणि बुद्रुकातलाच प्रकार. हमरस्त्यावरून विमानतळाकडे मोटारींची जी अखंड रांग चाललेली असते, तिच्यापासून थोडे आत वळले की तो आवाज एकाएकी मागे पडतो. इमारत लहान आहे. एखाद्या मध्यम कोकणी घराच्या ओटीपडवीएवढी. भिंती याच मुलखातील करड्या दगडाच्या, आणि दगडांच्या सांध्यांत चुना अद्यापि इतका घट्ट की किल्लीच्या टोकाने खरवडला तरी पूड पडत नाही. छप्पर गेले तेव्हा वासे आणि कौले गेली. भिंतींनी मात्र कोणाची वाट पाहावयाची नाही असे ठरविलेले दिसले. भिंतीच्या माथ्यावर रुजलेल्या झाडाची मुळे दगडावरून खाली उतरली होती, वाकून, चाचपडत, जणू फलाटावर उतरणाऱ्या म्हाताऱ्याने दांडा धरावा तशी.

आत तिकिटाची खिडकी होती. खिडकी कसली, हात जाईल एवढा कोनाडा; त्याच्या खालच्या दगडावर नाण्यांनी व मनगटांनी घासून झालेला एक उथळ गुळगुळीत खळगा बोटांना लागला. या खळग्यावरून किती पुठ्ठ्याची तिकिटे सरकली असतील! ते तिकीटही एका लहानशा स्थानकावरच जन्मले होते: उत्तर इंग्लंडात न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन नावाच्या स्थानकावर टॉमस एडमंडसन हे मास्तर होते, प्रत्येक उतारूला हाताने पावती लिहून देण्याचा त्यांस कंटाळा आला, म्हणून त्यांनी क्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे १८३० नंतरच्या दशकात काढली. सव्वादोन इंच लांब आणि एक इंचाहून किंचित रुंद, असा तो तुकडा पुढे सर्व जगभर गेला. क्रमाने छापलेला आकडा असल्यामुळे मास्तरास दिवसाअखेर पहिला व शेवटचा आकडा पाहून हिशेब लावता येई, आणि अफरातफर करणारास मोठी अडचण होई. एडमंडसनांना दोड्डजाला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु दोड्डजाल्याचा मास्तर रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जी वही पुरी करीत असेल, ती एडमंडसनांच्याच पद्धतीची.

फलाट म्हणून जे होते ते जमिनीपासून वीतभर उंच. छोट्या गाडीला तेवढे पुरत असे. इमारतीच्या चुन्यापेक्षाही या वीतभर उंचीने मला ती का सोडून दिली गेली हे अधिक स्पष्ट सांगितले, ते असे.

स्वातंत्र्यानंतर, १४ एप्रिल १९५१ रोजी, मद्रास अँड सदर्न मराठा, साऊथ इंडियन आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे यांचे एकीकरण होऊन दक्षिण रेल्वे झाली, आणि ही छोटी लाईनही त्या विशाल कुटुंबात, घरजावयाच्या मानाने, सामील झाली. चाळीस वर्षे कोणी तिला मारले नाही, कोणी तिला जगविले नाही. मग १९९२ साली देशातील सर्व मापे मोडून एकच ब्रॉडगेज करण्याचा कार्यक्रम निघाला. रेल्वेमंत्री होते सी. के. जाफर शरीफ, ते उत्तर बंगळुराचे खासदार होते. अडीच फुटांचे रूळ निघाले आणि साडेपाच फुटांचे पडले. यलहंका-चिक्कबळ्ळापूर हा भाग आधी पुरा झाला. पुढचा चिक्कबळ्ळापूर-कोलार हा तुकडा मात्र २०१३ सालापर्यंत रखडला, आणि तोवर कोलारकरांनी बंगारपेटपर्यंत रेलबसवर, म्हणजे रुळांवर चालणाऱ्या बसवर, समाधान मानले. मोठ्या मापाची गाडी केवळ रुळांनी रुंद नसते. तिचे डबे रुंद, तिची पायरी उंच, तिला दोन्ही बाजूंस अधिक मोकळीक लागते, फलाट उंच लागतो, लांब लागतो. वीतभर फलाटाच्या, दोन खोल्यांच्या जुन्या स्थानकापाशी ती उभी राहिली असती तर उतारूंस शिडीच लावावी लागली असती. तेव्हा जवळच नवे फलाट झाले, नव्या सिमेंटच्या खोल्या झाल्या, आणि जुनी इमारत बाजूस राहिली. येथे ना अपघात झाला, ना गाव उठले, ना कोणी हुकूम काढून स्थानक बंद केले. लाईन मोठी झाली, आणि लहानपणीची आंगडी जशी पेटीच्या तळाशी जातात तशी ही स्थानके मागे पडली.

मुंबईकर वाचकांस कुलाबा स्थानकाची गोष्ट माहीत असेल, आणि ती अगदी उलट प्रकारची आहे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे ते थाटाचे अंतिम स्थानक १८९६ साली उघडले. १९२८ च्या जानेवारीत तेथून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी निघाली. आणि अवघ्या तीन वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० रोजी, तेथून शेवटची गाडी सुटली, कारण बॅकबेच्या भरावाच्या योजनेत त्या जमिनीची किंमत गाडीहून अधिक ठरली. आज तेथे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, आणि स्थानकाचा एक दगडही उभा नाही. कुलाबा मेले ते श्रीमंतीने. गरीब स्थानकांना निदान भिंती उरतात, कारण त्यांच्याखालची जमीन कोणास नको असते. देवनहळ्ळीकडील जमिनीचे आजचे भाव ऐकले की हे वाक्य फार काळ खरे राहणार नाही अशी शंका येते.

इंग्लंडात नकोशा झालेल्या स्थानकांचा प्रश्न एका पुस्तिकेने सोडविला. १९६३ साली डॉक्टर रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा जो अहवाल दिला त्यात सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत अशी शिफारस होती. सारी झाली नाहीत, पण बहुतेक झाली. तेथील लोकांनी त्यातील कित्येक स्थानके विकत घेऊन घरे केली, चहाची दुकाने केली, आणि काही ठिकाणी तर निवृत्त सद्गृहस्थांनी वर्गणी काढून, स्वतः फावडी उचलून, चारदोन मैल रूळ पुन्हा टाकले व रविवारी वाफेचे इंजिन चालविण्याचा शौक पुरा केला. आपल्याकडे या कामी पुढे आली ती इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था. तिच्या बंगळूर शाखेने दोड्डजाला, देवनहळ्ळी, अवतिहळ्ळी आणि नंदी हॉल्ट या चार इमारतींच्या जतनाचे काम मनावर घेतले. आणि नंदी हॉल्टची कौलारू इमारत, नंदीदुर्गाच्या पायथ्याच्या बाजूस, डागडुजी होऊन पुन्हा नीटनेटकी दिसू लागली आहे. ४,८५० फुटांवरील तो दुर्ग १७९१ च्या ऑक्टोबरात कॉर्नवॉलिसच्या फौजेने रात्री चढून घेतला. आणि १९२७ साली कोल्हापूर-निपाणीकडे दौऱ्यावर असता प्रकृती ढासळलेले गांधीजी आंबोलीनंतर विश्रांतीसाठी याच डोंगरावर येऊन राहिले. हल्ली रविवारी पहाटे तेथे मोटारसायकलींची एवढी गर्दी होते की विश्रांती हा शब्द उच्चारण्याची सोय नाही. २०२२ मध्ये या मार्गावर वीज आल्यानंतर नंदी हॉल्टपर्यंत गाडीने जाऊन पुढे डोंगर गाठण्याची वाट थोड्याबहुत लोकांस पुन्हा आठवली आहे, हे चांगले झाले.

दोड्डजाला आणि देवनहळ्ळी यांच्या दरम्यान २०२१ च्या जानेवारीत एक नवा थांबा उघडला, त्याचे नाव केंपेगौडा विमानतळ थांबा. १९१५ च्या कंपनीने जी वाट आखली तिच्यावरच हा थांबा आहे. तेथे उतरून बसने विमानतळावर जाता येते; पण बहुतेक प्रवासी मोटारीनेच जातात, आणि हेब्बाळच्या पुलावर तासभर अडकून घड्याळ पाहतात. मीही त्यांपैकीच एक आहे, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

दोड्डजाल्याहून परतताना एक घोटाळा झाला. रुळांची मापे ध्यानात आणून देण्यासाठी जी छत्री मी वर आणली, ती मी त्याच दिवशी तिकिटाच्या खिडकीच्या कठड्याला टेकवून विसरून आलो. कोरमंगल्यास पोहोचेपर्यंत ध्यानात आले नाही. आणि आल्यावर चाळीस किलोमीटर उलट जाण्याइतकी ती मोलाची नव्हती. तरी पुढील आठवड्यात त्या बाजूस काम निघाले तेव्हा वाट वाकडी केली. इमारतीत शेळ्या शिरल्या होत्या. एक धिप्पाड बोकड मास्तरांच्या खोलीत उभा राहून मुळावरची पाने ओढीत होता, आणि त्यांचा राखणदार, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक वृद्ध, आतल्या भिंतीच्या सावलीत बसला होता. मी बाहेर, खिडकीच्या समोर उभा राहून, मोडक्यातोडक्या कन्नडात छत्रीची चौकशी केली. तो उठला, कोपऱ्यात गेला, आणि आतून त्या कोनाड्यातून छत्रीची मूठ माझ्याकडे सरकवीत, माझ्या तोंडाकडे पाहून त्याने विचारले,

‘‘यल्लिगे?’’

म्हणजे, कोठे जाणार?